टोपाखाली बाईच निघाली

मी एक टोप बोलतोय. केसांचा, चांगला कमरेपर्यंत लांब. नेल्लूरकडच्या एका बाईनं नवऱ्याचं दुखणं बरं व्हावं म्हणून तिरुमलाच्या डोंगरावर डोकं भादरून घेतलं, तिथून माझी कथा सुरू होते. देवाला वाहिलेले ते केस लिलावात गेले, जाळीवर विणले गेले आणि मी हैदराबादच्या एका स्टुडिओत येऊन पडलो. देवाचं देणं विनोदाच्या कार्यक्रमाला लागलं!

तिथं पुरुषच बायका होतात. बायको कायम भांडकुदळ. नवरा तिला लाथ घालतो आणि शेवटी मला खसकन ओढून काढतो. खालून पुरुषाचं डोकं निघालं की लोक हसून हसून लोळतात, बायकासुद्धा. लाथ कुणाला बसली, हे त्यांच्या ध्यानात येत नसावं.

माझ्याखालची बायको म्हणजे सूरिबाबू. पडद्यावर नाव तेच येतं. पण ती स्वतःला हारिका म्हणते, म्हणून मीही हारिकाच म्हणतो. रंगभूषा करणारा कोटय्याही तिला "अक्का, मान सरळ ठेव" असंच म्हणे.

हारिकानं हळूहळू स्वतःचे केस वाढवले. एकदा नवऱ्यानं मला ओढलं आणि खालून तिची वेणी सुटून पाठीवर आली. कशाला हसायचं तेच कुणाला कळेना.

दिग्दर्शक शेषगिरी भडकले. "अरे, टोप काढल्यावर बाईच निघाली तर गंमत काय राहिली?"

"मग मला बाईचंच काम द्या ना, सर. साधी बाई. टोप नको, लाथ नको."

"तुला बाई म्हणून कोण बघणार? उद्या केस कापून ये, नाहीतर येऊच नकोस. तुझ्यासारखे छप्पन्न बसलेत बाहेर."

हारिकानं मला मांडीवर घेतलं आणि गावी आईला फोन लावला. आई तिला घरात घेत होती ती एकाच सबबीवर. कोरलेल्या भुवया, वाढलेले केस, सगळं टीव्हीसाठी! शेजारीपाजारीही तेवढ्यावर गप्प बसत.

"अम्मा, मी टीव्ही सोडला तर?"

आई म्हणाली, "संक्रांतीला असाच येशील? लोकांना मी काय सांगू रे, बाळा?"

दुसऱ्या दिवशी कोटय्यानं कात्री चालवली. त्याचेच डोळे भरून आले होते. "केरात नाही टाकायचा मी हे, अक्का," तो म्हणाला. मी जागोजागी विरळ झालो होतो, तिथं त्यानं तिचे केस गाठी मारून बसवले. तिचे केस तिच्याच डोक्यावर राहतील, असं त्या भाबड्याला वाटलं.

आता दर आठवड्याला तिचेच केस तिच्या डोक्यावरून उपटले जातात आणि लोक पूर्वीसारखे हसतात. मला या हसण्याचा संताप येतो. तरी हात जोडून सांगतो, हसत राहा बाबांनो. तुम्ही हसलात तरच तिला संक्रांतीला घरी जाता येतं.