बिनडोक्याच्या माणसाची गोष्ट

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्हाला एक मामा आहे, तो रोज जेवणं झाल्यावर तुम्हाला गोष्ट सांगतो, आणि एके दिवशी त्याला कुणीतरी गोष्ट कशी सांगायची ते शिकवतं! म्हणजे टाचणीवर केवढं संकट कोसळलं होतं, ते तुम्हाला कळेल.

टाचणी अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून घरात तिला हेच नाव पडलं होतं. तिचा मामा एका कचेरीत आवक-जावक सांभाळायचा. पूर्वी त्याच्या गोष्टींत भुतं झाडाला उलटी लटकायची, चोर विहिरीत पडायचे, आणि शेवटी ज्याचं त्याला मिळायचं. मग तो वाचनालयातल्या शनिवारच्या वर्गाला जाऊ लागला. विषय होता, जुन्या इंग्रजी आणि आयरिश कथांची कारागिरी. तिथून मामा गळ्याला मफलर गुंडाळून आणि ‘सूचकता’ हा शब्द घेऊन घरी आला.

तेव्हापासून त्याच्या गोष्टींत काही घडेनासं झालं. माणसं नुसती खिडकीशी उभी राहत. बाहेर धुकं असे.

“वादळात अडकलेल्या भावाला आणायला नावाडी निघाला,” मामा म्हणाला. “त्याने हातातल्या वल्ह्याकडे पाहिलं. संपली.”

“संपली? अरे, भाऊ सापडला का?”

“टाचणे, ‘पुढे काय झालं’ हा अडाण्यांचा प्रश्न. खरा कथाकार अर्धं पोटात ठेवतो.”

त्या नावाड्यापायी टाचणीला रात्री झोप लागेना. अभ्यासाला बसली, तरी तिच्या डोळ्यांसमोर ती होडी हेलकावे खात होती.

आता खरं सांगायचं, तर मामा शिकला ते काही खोटं नव्हतं. त्या जुन्या कथाकारांची हातोटीच तशी. पाहुण्यापुढे चहा ठेवताना बाईने कपाचा तुटका कान हळूच आपल्या बाजूला वळवला, एवढंच ते लिहीत, आणि त्या घरची चणचण आणि ऐट दोन्ही आपल्याला कळे. पण त्यांच्या पोटात काहीतरी असायचं. मामाने पोटात ठेवण्याची कला तेवढी उचलली. पोट रिकामंच होतं.

तर, एका शनिवारी वर्गापुढे भाषण करायची पाळी मामाची होती. भाषण चांगलं झालं, की वर्ग चालवायला त्यालाच बोलावणार, असं तिथल्या गुरुजींनी सुचवलं होतं. मामा महिनाभर तयारी करत होता. आणि निघायच्या वेळी चष्मा सापडेना! चष्म्याशिवाय मामाला स्वतःचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग.

टाचणीची आई घरीच शिवणकाम करायची. त्या खोलीत मामाने नुसता धुमाकूळ घातला. रिळं घरंगळली, खडू फुटला. कोपऱ्यात कपडे बेतायचा पुतळा उभा होता. त्याच्या अंगावर वकीलसाहेबांचा नवा काळा कोट. फक्त बटणं लावायची राहिली होती.

“ताई, माझं भाषण बुडालं गं!”

“काखेत कळसा असेल तुझ्या. आणि त्या कोटाला धक्का लावू नकोस हं! गिऱ्हाइकाच्या कपड्याला घरातल्या कुणीही हात लावायचा नाही.”

टाचणी उंबऱ्यात बसून पाय हलवत होती. “मला माहितीये चष्मा कुठंय ते.”

“सांग ना मग, सोन्या!”

टाचणीने आईकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि घसा खाकरला.

“एक गृहस्थ होता. संध्याकाळ झाली होती. बाहेर धुकं होतं.”

“आपल्याकडे कुठलं आलंय धुकं?”

“गोष्टीत आहे. मध्ये बोलू नकोस. खोलीत दुसरा एक माणूस होता. त्याला डोकं नव्हतं, हातही नव्हते, पण छाती भरदार होती. गृहस्थाने त्याच्या अंगावरचं अलगद उतरवून स्वतःच्या अंगात घातलं. आरशासमोर उभा राहून डोळ्यांवरचं काढलं, आणि मोठ्या माणसासारखा भाषण करू लागला. तेवढ्यात दारात बहिणीच्या चपला वाजल्या. गृहस्थाने घाईघाईने त्या माणसाचं त्याला परत दिलं. पण घेतलं होतं त्यापेक्षा जास्त दिलं. तो माणूस काही बोलला नाही. बाहेर धुकं होतं. संपली.”

“संपली काय? कार्टे, पुढे काय झालं?” मामा किंचाळला.

“हा कुणाचा प्रश्न म्हणाला होतास रे?”

आईने मात्र सगळं ऐकलं होतं. ती मशीनवरून उठली, पुतळ्यापाशी गेली आणि कोटाच्या खिशात हात घातला. बाहेर आला तो चष्मा.

“वकिलांचा कोट घालून मिरवत होतास? आधी भाषण उरकून ये, मग बघते तुझ्याकडे!”

मामाने कान पकडले. “टाचणे, सरळ सांगायला काय झालं होतं?”

“सरळ सांगितलं असतं, तर तुझी चुगली झाली असती. म्हणून पोटात ठेवलं. आता तू सांग. नावाड्याचा भाऊ सापडला का?”

मामा चष्म्याच्या काचा पुसू लागला. पुसून झाल्या तरी पुसत राहिला.

“खरं सांगू? मलाच माहीत नाही गं.”

“म्हणजे तू पोटात काही ठेवलंच नव्हतंस?”

मफलर सावरत मामा निघाला. टाचणीने चपला घातल्या आणि त्याच्या मागोमाग गेली.

वाचनालयात ती पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर जाऊन बसली. चष्मा आता जागेवर होता, त्यामुळे मामाला ती अगदी स्वच्छ दिसली. सूचकतेवर बोलताना तो अडखळला, पाणी प्यायला, पुन्हा बोलला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी कौतुकाने उठले.

“कुणाला काही विचारायचंय?”

कुणाचाच हात वर गेला नाही. मग टाचणी सगळ्यांना नीट दिसावी म्हणून खुर्चीवर उभी राहिली, आणि तिने हात वर केला.