टाचेच्या गाठी

जोड्यांच्या दुकानाची मालकीण कुणाला कधी भ्याली नव्हती. गिऱ्हाइकाने जोडा चावतो म्हटलं, की ती तोंडावर सुनावायची, ‘‘जोड्याला दात नाहीत, तुमच्या पायालाच लाड फार.’’

तिच्या माहेरी टाचेच्या वरच्या जाड शिरेवर टणक गाठी असायच्या. बापाला होत्या, भावाला होत्या, तिला होत्या, लेकालाही आल्या. ‘‘ही आमच्या रक्ताची खूण,’’ म्हणायची, आणि घरच्यांचे जोडे शिवताना मागची कड दोन बोटं खाली कापायची. बाप नि भाऊ पन्नाशी न बघताच गेले, ते तिने कष्टांवर ढकललं. लेक मात्र अडतिसाव्या वर्षी दुकानातच, हातातल्या जोड्यासकट कोसळला, आणि दोष द्यायला तिला सून सापडली.

‘‘तुझ्या तळणाने खाल्लं माझ्या लेकराला,’’ ती चार माणसांत म्हणाली. तेव्हापासून तीन वर्षं सुनेने कढईला हात लावला नाही. उकडलेलं रांधायची, मान खाली घालून जेवायची.

मग नऊ वर्षांच्या नातीची टाच जोड्याला घासू लागली. मालकिणीने हात फिरवला, गाठ लागली. ‘‘बापावर गेली गं माझी बाय,’’ म्हणत तिने कौतुकाने कड कापायला घेतली. सून मात्र पोरीला उचलून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी पोरीचं रक्त तपासायला घेतलं, आजीचंही मागवलं. आठवड्याने, पोर शाळेत असताना, दोघींना समोर बसवलं.

‘‘मुलीचं कोलेस्टेरॉल जन्मापासूनच फार वाढलेलं आहे. वडिलांकडून आलंय.’’

‘‘आणि त्याला कुणाकडून?’’

‘‘तुमच्याकडून, आजी. त्या गाठी म्हणजे तीच साठलेली चरबी.’’

‘‘मग मी कशी जिती?’’

‘‘बायकांना बहुतेक वेळा उशिरा गाठतं.’’

‘‘आणि हिचं तळण?’’ मालकिणीने बुडत्यासारखं विचारलं.

‘‘त्याने फरक पडला तर थोडाच. नुसतं उकडलेलं खाऊन हे जात नाही. मुलीला गोळ्या लागतील, जन्मभर. तिच्या वडिलांना वेळेवर मिळाल्या असत्या, तर बहुधा आज ते असते.’’

लेकाच्या टाचेवरून किती वर्षं हात फिरवला होता तिने. गाठ वाढली, की कड आणखी खाली.

बाहेर बाकांवर माणसं बसली होती. मालकिणीने सुनेचा दंड धरला. ‘‘बोल मला. चार माणसांत तुला बोलले होते मी. इथेही माणसं आहेत.’’

‘‘काय बोलू, आई? तुम्ही म्हणालात आणि मला खरं वाटलं. तीन वर्षं सकाळी डोळा उघडला, की पहिलं हेच, मीच ह्यांना मारलं.’’

‘‘ते काढून टाक आता मनातनं.’’

‘‘निघत नाही,’’ सून म्हणाली. ‘‘आत बाई सांगत होत्या ना, तेव्हाही नाही निघालं.’’

दंड सोडवून घेऊन ती पोरीच्या गोळ्यांसाठी रांगेत उभी राहिली. मालकीण तिच्या मागे जाऊन थांबली.