फळ्यावरचे मुख्य प्रशिक्षक

मुरुडच्या त्या महाविद्यालयात बास्केटबॉलचा मुख्य प्रशिक्षक नेमायची पद्धत सोपी होती. ज्या प्राध्यापकाचे तास कमी भरतील, त्याच्या गळ्यात शिट्टी. अशा रीतीने मुलींचा संघ आधी वनस्पतिशास्त्राच्या ईश्वरप्पा सरांकडे होता, मग अर्थशास्त्राच्या शिवमूर्ती सरांकडे गेला. शिवमूर्ती सरांना ऊन सोसत नसे, म्हणून ते स्टाफरूमच्या खिडकीतून प्रशिक्षण देत. खिडकी पार्किंगकडे उघडत होती, ही गोष्ट वेगळी.

तरी संघ तीनदा विभागात पहिला आला, कारण रोज सकाळी मैदानावर फक्की मारणारा शिपाई भीमा रेषा आखून झाल्या की पोरींना खेळवायचा. त्यांतलीच एक, लुंबिनी, आता तिथे क्रीडा संचालक होती. पाहणी समिती येणार म्हणून प्राचार्य माधवरावांनी तिला आजवरच्या मुख्य प्रशिक्षकांच्या नावांचा फळा करायला सांगितला, तेव्हा तिने यादीत भीमाचं नाव सगळ्यांत वर लिहिलं.

माधवरावांनी चष्मा काढला. "मॅडम, नेमणुकीचा आदेश आहे का यांचा?"

"सर, ज्यांचा आदेश होता ते मैदानावर कधी दिसले नाहीत."

"पण आदेश होता ना? झालं तर."

फळा दोनच नावांचा रंगला. लुंबिनी धुमसत भीमाकडे गेली.

"जाऊ द्या की मॅडम," भीमा म्हणाला.

"मला मॅडम म्हणू नका, मामा. पास चुकला की चप्पल उगारायचात तुम्ही!"

"ते तवा. आता तुमी पर्मनंट हायत."

समिती आली. दोन्ही सरांना शाली पांघरल्या गेल्या. समितीतल्या एक बाई स्वतः खेळलेल्या निघाल्या. त्यांनी विचारलं, "तुमच्या मुली बचाव कसा करायच्या?"

"ऋतुमानाप्रमाणे," ईश्वरप्पा सर म्हणाले.

"मागणीप्रमाणे," शिवमूर्ती सरांनी भर घातली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. ईश्वरप्पा सरांनी शाल काढून घडी केली. "खरं सांगू का? भीमाला विचारा."

"हां, भीमालाच," शिवमूर्ती सर सुटल्यासारखे म्हणाले.

भीमा चहा घेऊन आला होता. त्याने ट्रे टेबलावर ठेवला आणि कप मांडले. "ह्या दोघी फुडं, ह्या तिघी मागं. बॉल तिकडं गेला की पाचींनीबी सरकायचं. नुसतं बॉलमागं पळायचं न्हाई." पंधरा मिनिटं कप सरकत राहिले. चहाला कुणी हात लावला नाही.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

माधवरावांनी तीस वर्षं संस्था सांभाळली होती. वारं कुठून वाहतंय हे त्यांना कळायचं.

"हे? हेच तर आमचे मुख्य प्रशिक्षक. फळ्याचं काम जरा अर्धवट आहे."

संध्याकाळी पेंटर पुन्हा शिडीवर चढला. नाव रंगवून झाल्यावर त्याने खाली विचारलं, "साल?"

"१९९८ पासून," लुंबिनी म्हणाली.

"कुठवर?"

"फुडं काय बी लिवू नको," भीमा म्हणाला. "ह्या सालच्या पोरींना अजून डाव्या हातानं बॉलचे टप्पे मारता येईनात."