बिनसाबुदाण्याचा उपास

सुचिताजवळ फारसे शब्द नव्हते, तरी बायका तिला सारे सांगत. माझ्याजवळ शब्दांखेरीज काहीच नव्हते, आणि मला पाण्याचा पेला देऊन त्या गप्प बसत.

आम्ही दोघेही मंगरूळपीरचे. दर्ग्याकडून बाजाराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिची आई आणि माझी आई, कस्तुराबाई, शेजारी शेजारी बसून मेथी आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, विकत आल्या आहेत. मी मराठीत एम. ए. केले, नव्या कवितेत बुडालो, तीन वर्षे स्पर्धापरीक्षांच्या उंबऱ्यावर घालवली. तिने बारावीनंतर नर्सिंगचा छोटा कोर्स केला. देशभर चाललेल्या आरोग्य आणि पोषणाच्या सर्वेक्षणात आम्ही एकाच दिवशी प्रगणक म्हणून लागलो. यादीत निघालेल्या घरी जायचे, टॅबवरचे प्रश्न छापल्या शब्दांत विचारायचे, लेकरांना वजनकाट्यावर आणि उंचीच्या फळीवर घ्यायचे, बाईच्या बोटातून रक्ताचा एक थेंब काढायचा. या फेरीनंतर आम्हा दोघांतून एकाला पर्यवेक्षक करणार, असे आमचे पर्यवेक्षक संघदीप सर म्हणाले होते. ते पद मला हवे होते. खरे सांगायचे तर, ते तिला मिळू नये असे त्याहून अधिक वाटत होते.

मत्सर मोठ्या गोष्टींवर जगत नाही. त्याला बारीकसारीक खाद्य लागते. माझ्या फळीवर लेकरू ओरडायचे. तिच्या फळीवर तेच लेकरू टाचा टेकवून उभे राहायचे. सुई टोचताना बाया माझ्यापासून मान वळवीत आणि तिच्याशी नवऱ्याच्या तक्रारी बोलत. जेवणाच्या सुटीत बाभळीखाली ती डबा उघडायची आणि दोन घरांतल्या सुना तिच्याभोवती येऊन बसायच्या. मी दूर बसून एखादी ओळ जुळवीत असे. ओळ सुंदर व्हायची. कुणाला ऐकवावी असे तिथे कोणी नसायचे.

मग एका संध्याकाळी आकडे समोर आले. प्रश्न असा होता: ‘गेल्या बारा महिन्यांत घरात पुरेसे अन्न नसल्यामुळे तुम्हाला एखादा दिवस उपाशी राहावे लागले का?’ रिठदच्या माझ्या बावीस घरांत बावीस वेळा ‘नाही’. किन्हीराजाजवळच्या तांड्यावरच्या तिच्या बावीस घरांत नऊ वेळा ‘हो’.

मला आनंद झाला. तो लपवायला मी वाक्य नीट बांधले. संघदीप सरांना म्हणालो की, कोणावर आरोप करणे माझ्या स्वभावात नाही, पण एका तांड्यात इतकी भूक आणि शेजारच्या तालुक्यात शून्य, हे आकडे बसल्या जागी भरल्यासारखे वाटतात. सरांनी दोन्ही याद्या टॅबवर उघडल्या. त्यांना त्या आठवड्यात रिसोडचे काम उरकायचे होते. पाच घरांची फेरतपासणी मीच करावी, असे त्यांनी ठरवले. प्रत्येक घरापुढे दोन चौकटी होत्या: ‘जुळले’ आणि ‘जुळले नाही’. तीन घरे जुळली नाहीत, तर तिचा सारा तांडा रद्द होणार होता आणि तिचे नावही.

मंगळवारी सकाळी मी तांड्यावर पोहोचलो. मृग लागायला आठवडा होता. माणसे ऊसतोडीहून परतली होती, पण शेतांत अजून काही नव्हते. काळी माती आपल्याच भेगांत डोकावत पडली होती. पहिल्या तीन घरी सुचिताने ‘हो’ लिहिले होते. मी प्रश्न छापल्या शब्दांत विचारला. तिन्ही बाया म्हणाल्या, नाही. चौथ्या घरी तिचे ‘नाही’ होते आणि उत्तरही ‘नाही’ आले. मी एकही चौकट दाबली नव्हती. पाचही घरे झाली की एकदम दाबायच्या, असे ठरवले होते. जिंकण्यापूर्वीचा तो तास मला लांबवायचा होता.

पाचवे घर कमलीबाईचे. इथेही सुचिताचे ‘हो’ होते. म्हातारी दारात तूर निवडत होती, सून शीला चुलीपुढे. मी प्रश्न वाचला.

“उपाशी कायले राहू?” कमलीबाई म्हणाली, आणि सुपातला खडा उचलून माझ्या चपलेजवळ टाकला.

न जुळलेली चार झाली. मी टॅब मिटत होतो, तेवढ्यात शीलाने कोरा चहा आणला. एक कप मला, एक सासूला. स्वतः तिने घेतला नाही. सभ्यपणाने मी विचारले, तुम्हाला नको का? तिचा उपास आहे, असे सासूने सांगितले. मंगळवार होता म्हणून मी म्हणालो, देवीचा का?

सासू-सुना एकमेकींकडे पाहू लागल्या.

“देवीले कायले मधात आनता, बाबू,” कमलीबाई म्हणाली. “बिनसाबुदान्याचा उपास हाय तिचा.”

शीलाने तोंडाला पदर लावला. मला काही कळले नाही, हे त्यांना कळले. मग म्हातारीने सावकाश समजावले, शाळेतल्या पोराला समजावावे तसे. देवाच्या उपासाला साबुदाणा लागतो, भगर लागते, दाणे, केळी. त्या उपासाला दुकान लागते. रेशनचे धान्य वीस-बावीस तारखेपर्यंत पुरते. पुढे एक दिवस सुनेचा उपास, एक दिवस सासूचा. लेकरांना उपास नसतो.

“मग मघाशी नाही का म्हणालात?”

“तुमी उपाशी म्हन्लं. उपाशी तो, जो लोकायच्या दारात उभा राह्यते. आमी उपास करतो.”

मी विचारले, मग सुचिताला कसे सांगितले?

“थे पोरगी येगळी हाय,” कमलीबाई म्हणाली. “शीलानं चहा घेतला नाई, त तिनं वार नाई इचारला. म्हने, वहिनी, उपास कायनं सोडता?”

“म्या म्हन्लं, दुसऱ्या दिवशीच्या भाकरीनं,” शीला पहिल्यांदाच बोलली. “त थे म्हने, माही मायबी भाकरीनंच सोडे.”

मी चहा संपवला. तो गोड होता. साखर त्यांनी माझ्या कपासाठी राखून ठेवली असावी.

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी मी ‘बुधवार’ नावाची कविता लिहिली होती. तीत माझ्या आईचा उपास पहाटेच्या पांढऱ्या नदीसारखा वाहत होता. महाविद्यालयाच्या सभागृहात टाळ्या पडल्या. आई शेवटच्या रांगेत बसली होती. तिने ती ऐकली आणि येताना एवढेच म्हणाली की, आवाज चांगला लागला. आमच्या घरी बुधवारी साबुदाणा भिजलेला मला आठवेना.

तरी मी टॅब उघडला तेव्हा मत्सर कमी झालेला नव्हता. उलट त्याला आता कारण सापडले होते. नियम माझ्या बाजूने होता. प्रश्न मी छापल्या शब्दांत विचारला होता, उत्तर ‘नाही’ आले होते, आणि पदरचा प्रश्न जोडायला प्रशिक्षणात स्पष्ट मनाई होती. मी ‘जुळले नाही’ दाबले असते, तर कोणीही त्याला खोटे म्हटले नसते. बोट त्या चौकटीवर किती वेळ होते, ते मला सांगता येणार नाही. शीला रिकामा कप न्यायला आली, तेव्हा ते उचलले गेले.

मी चारही घरी परत गेलो. विचारले, उपास कशाने सोडता? तिघी म्हणाल्या, भाकरीने. चौथी, जिच्यापुढे सुचिताने ‘नाही’ लिहिले होते, ती अभिमानाने म्हणाली, साबुदाण्याच्या खिचडीने, दाण्याचा कूट घालून. सुचिता एकाही घरी चुकली नव्हती.

पाच वेळा मी ‘जुळले’ दाबले. शेऱ्याच्या जागी लिहिले की, माझी रिठदची बावीस घरे पुन्हा विचारावी लागतील. संध्याकाळी संघदीप सरांनी तो शेरा दोनदा वाचला. याचा अर्थ मला कळतो ना, एवढेच त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. मग रिठदला कोणी जावे, असे त्यांनी विचारले, आणि मी सुचिताचे नाव घेतले. उदारपणे नव्हे. तिथल्या बायांनी मला पुन्हा पाण्याचाच पेला दिला असता.

बुधवारी सकाळी ती बसस्थानकावर उंचीची फळी मांडीवर आडवी घेऊन रिठदवरून जाणाऱ्या रिसोडच्या गाडीत बसली.

“रिठदले कोनाले काई सांगाचं हाय का?” तिने खिडकीतून विचारले.

मी नाही म्हणालो. गाडी निघाली. त्या बावीस दारांपैकी प्रत्येक मला ठाऊक होते, आणि त्यांतल्या कितीतरी बाया जे मला बोलल्या नाहीत ते संध्याकाळपर्यंत तिला बोलणार होत्या.

घरी आलो. आई ओसरीत सांबाराच्या जुड्या बांधत होती. मी तिच्यासमोर बसलो. वाक्य वाटेत अनेकदा घडवले होते. तोंडातून निघाले तेव्हा ते माझे उरले नव्हते.

“माय, तू बुधवार कायनं सोडत होती?”

तिने जुडीला गाठ मारली आणि दुसरी हातात घेतली.

“हे त सुचितानं मले कवाचंच इचारलं,” ती म्हणाली.