अनाक्तुवुकहून आलेलं ‘येतो’

माझे सासरे बासष्टाव्या वर्षी, आम्ही राहतो त्या बॉथेलहून, बॅरोला निघाले. चार सीटचं, एका इंजिनाचं जुनं सेस्ना विमान, आणि आत एकटे बाबा. बॅरो म्हणजे अलास्काचं अगदी वरचं टोक. गावाचं नाव आता उट्किआग्विक आहे, पण त्याला आईंची, म्हणजे सासूबाईंची, जीभ वळत नाही, म्हणून आमच्या घरात अजून बॅरोच.

विमान छोटं, पेट्रोल थोडं, म्हणून टप्प्याटप्प्याने जायचं. दोन-तीन तास उडायचं, उतरायचं, ढग बघायचे, चहा प्यायचा, पुन्हा उडायचं. मला ते फार ओळखीचं वाटलं. आमची रुही अकरा महिन्यांची आहे. माझाही दिवस तिच्या एका झोपेपासून दुसऱ्या झोपेपर्यंत असाच जातो, आणि तिच्या हवामानाचा अंदाज तर कोणीच देत नाही.

अनीशने, माझ्या नवऱ्याने, एका अटीवर परवानगी दिली. “एकदा जरी रेस्क्यूला कॉल करावा लागला ना बाबा, तर विमान तिथेच ठेवायचं आणि एअरलाइनने घरी. डील?”

“डील,” बाबा म्हणाले. “पण मुलगा बापाला परवानगी देतो हे नागपुरात कोणाला सांगू नकोस.”

कॉल करायचा की नाही हे ठरवणारी ‘जबाबदार व्यक्ती’ मी. कारण मी घरी असते आणि, बाबांच्या शब्दांत, या घरात फोन उचलणारी ती एकटीच. नियम सोपा होता. पोचायच्या वेळेनंतर अर्धा तास वाट बघायची, मग फोन.

बाबांकडे खिशात मावणारं सॅटेलाइटचं यंत्र होतं. त्यात तीन मेसेज आधीच भरून ठेवायचे. बटण दाबलं की मेसेज आणि ते आहेत ती जागा, दोन्ही माझ्या फोनवर. निघायच्या आदल्या रविवारी बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून ते भरत होते. पहिला लिहिला, ‘जातो’.

आई पोळ्या लाटता लाटता मागून बघत होत्या. “जातो काय? येतो म्हणा.”

“अगं मीना, मी तिकडे जाणार आहे.”

“दुधाला जाताना काय म्हणता?”

“येतो.”

“मग?”

बाबांनी ‘येतो’ लिहिलं. दुसरा ‘पोचलो’, तिसरा ‘सगळं ठीक’.

पाच दिवस छान गेले. येतो, पोचलो. येतो, पोचलो. प्रिन्स जॉर्ज, व्हाइटहॉर्स, फेअरबँक्स, बेटल्स. रुहीला भरवताना मी फ्रिजवरच्या नकाशात तिला आजोबा दाखवायचे आणि ती आजोबांना वरणभात लावायची.

सहाव्या दिवशी शेवटचा टप्पा. बेटल्सहून डोंगरांची रांग ओलांडायची, मग सपाट गोठलेली जमीन, मग समुद्र आणि बॅरो. तीन तास. नऊ दहाला ‘येतो’ आलं. दहा वाजता ‘पोचलो’. एवढ्यात कसे पोचले म्हणून बघितलं, तर ठिपका अनाक्तुवुक नावाच्या गावावर, ऐन खिंडीत. मध्येच उतरले होते. दहा चाळीसला त्याच ठिपक्यावरून पुन्हा ‘येतो’.

मी ते दोनदा वाचलं. मग लक्षात आलं की मला ते कळलेलंच नाही.

पुढे बॅरोला निघाले असतील, तर एक वाजेपर्यंत चिंता नाही. पण ढग बघून बेटल्सला परत फिरले असतील, तर साडेअकराला पोचायला हवेत आणि बारा वाजता मी फोन करायला हवा. ‘बाबा, कुठे?’ असा उलट मेसेज पाठवला. पण तो वाचायला त्यांना जवळचा चष्मा लागतो, आणि विमान उडवताना नाकावर लांबचा असतो.

अनीशला फोन लावला. तो बेलव्ह्यूच्या ऑफिसात मीटिंग सोडून बाहेर आला. त्याचा जन्म इथलाच. मराठी चांगली आहे, फक्त जरा जास्तच सरळ आहे.

“येतो मीन्स ही इज कमिंग. परत येतायत. सिंपल.”

फोन स्पीकरवर होता. आई रुहीचं झबलं बदलत होत्या. “कमिंग काय? येतो म्हणजे गेले.”

“मम्मा, येतो म्हणजे गेले कसं असेल?”

“तू ऑफिसला जाताना काय म्हणतोस?”

“बाय.”

“तेच चुकतं तुझं.”

साडेअकरा झाले. ‘पोचलो’ नाही. पावणेबारा. नाही. रुही खांद्यावर पेंगत होती, आणि मी तिला इतक्या भरभर थोपटत होते की तिने मान उचलून माझ्याकडे बघितलं.

अनीशचा पुन्हा फोन. “शिवांगी, कॉल कर. ट्रिप गेली तर गेली, यार.”

आई नकाशासमोर उभ्या होत्या. वळल्या नाहीत. “माझं ऐकून थांबू नकोस हो,” म्हणाल्या. “मला मराठी कळते. तिथलं आभाळ नाही कळत.”

बारा वाजले. दिशा मला माहीत नव्हती, पण जिथून ती धरली ती जागा माहीत होती. रेस्क्यूचा नंबर समोर काढून ठेवला, स्वतःला पाच मिनिटं दिली आणि आधी अनाक्तुवुकच्या एकुलत्या एका दुकानाचा नंबर शोधून तिथे फोन लावला. एवढ्याशा गावात विमान उडालेलं कोणीतरी बघितलंच असणार.

बऱ्याच रिंगांनंतर एका बाईने उचलला. मी इंग्रजीत विचारलं, निळ्या पट्ट्याचं छोटं विमान, एक वयस्कर गृहस्थ, खूप बोलतात.

“हो, खूप,” ती म्हणाली. “कॉफी पिऊन उत्तरेला गेला.”

मी आईंना वर बोट दाखवलं. त्या खुर्चीत बसल्या.

“थांब जरा,” ती बाई म्हणाली. “काहीतरी उतरतंय. निळा पट्टा. तोच आहे. थांबतेस?”

थांबते म्हटलं. दहा मिनिटं मी त्या दुकानातल्या फ्रीजरची घरघर ऐकत उभी राहिले. मग बाबांचा आवाज आला. “घरचा फोन? इथे?”

“बाबा, परत फिरलात तर कळवायचं ना.”

“काय कळवू? बॅरोवर समुद्राचं धुकं आहे असं रेडिओवर कळलं, वाटेतूनच फिरलो. ‘पोचलो’ म्हणावं तर पोचलो नव्हतो. ‘येतो’ म्हणावं तर ते आधीच पाठवलं होतं.”

आईंनी फोन घेतला. “आयुष्यभर हेच. पाकीट विसरायचं, आणि न सांगता परत दारात उभं राहायचं.” मग म्हणाल्या, “ते ‘जातो’च करा आता. मी काही म्हणत नाही.”

“नको,” बाबांचं मला ऐकू आलं. “तू सांगितलंयस ते राहू दे. परत फिरलो तर चष्मा बदलून हाताने टाइप करीन.”

अनीशने पुन्हा फोन करून विचारलं, “सो, कॉल केलास?”

“दुकानाला केला.”

“दुकान डझन्ट काउंट,” तो म्हणाला. “पण धुकं गेल्याशिवाय निघायचं नाही म्हणावं.”

धुकं दोन दिवस राहिलं. तिसऱ्या दिवशी साडेआठला ‘येतो’ आलं. कोणी अर्थ विचारला नाही. आई भाजी आणायला गेल्या. रुहीला दात येतायत, त्या दोन दिवसांत ती धड झोपली नव्हती. ती माझ्या दंडावर डोकं ठेवून गाढ झोपली, आणि पावणेअकराला टेबलावर पालथा पडलेला माझा फोन थरथरला. माझा हात पोचायला चार बोटं कमी पडत होता.

जरा वाकले असते तर मिळाला असता, पण रुही उठली असती. मी हात तसाच हवेत धरून बसले. मग मागे घेतला. फोनमध्ये जे काही आलं होतं ते वीस मिनिटांनीही तेच राहणार होतं, आणि ही झोप राहणार नव्हती. तिच्या कपाळावरच्या घामाला माझ्या ओढणीने वारा घालत बसले. नजर मात्र फोनवरून हलली नाही.

आई पिशव्या घेऊन आत आल्या. मी डोळ्यांनीच फोन दाखवला आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी मान डोलावली, चवड्यांवर चालत आल्या, फोन उचलून लांब धरला आणि वाचला.

कुजबुजायचं त्यांच्या अगदी मनात होतं. पण “पोचले गं” इतक्या मोठ्याने निघालं की रुही दचकून उठली आणि तिने भोकाड पसरलं. आईच तिला उचलून नाचवत आत घेऊन गेल्या. मी बधिर झालेला हात चोळत अनीशला फोन लावला.