रोझलिनची डावी टाच

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "चालाल तुम्ही," ते म्हणाले, "पण डोंगर आता विसरा."

रोझलिनच्या वतीनं मान हलवली ती नवऱ्यानं, कॉस्मासनं.

वसईची रोझलिन मस्कतमधल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होती. वय एक्केचाळीस. दर शुक्रवारी ती जाफरच्या गटाबरोबर रुस्ताक गावामागच्या डोंगरांत जायची. जाफर तिथलाच, काटक ओमानी; भारतीयांशी फर्डं हिंदी बोलायचा. वरून दरीत शिरायचं, दोरानं कडे उतरायचे, डोहांत उड्या टाकायच्या आणि संध्याकाळी पायथ्याच्या गावात बाहेर पडायचं. २०१४च्या मार्चमध्ये तिनं अशीच एका डोहात उडी टाकली. त्या वर्षी पाऊस नव्हता, पाणी उतरलं होतं आणि ते कुणी मोजलं नव्हतं. डाव्या टाचेचा चुरा झाला. जाफरनं आणि इतरांनी आळीपाळीनं पाठीवर घेऊन तिला पाच तासांनी बाहेर काढलं.

टाचेत धातूची पट्टी आणि आठ स्क्रू बसले. तीन महिने पलंग, मग वॉकर, मग काठी. कॉस्मासनं तिचं सगळं केलं, अगदी न्हाऊ घालण्यापर्यंत. पण तिचा दोर अडकवायचा हार्नेस, हेल्मेट आणि बूट त्यानं न विचारता जाफरला देऊन टाकले.

"माझ्या वस्तू होत्या त्या," रोझलिन म्हणाली.

"पुन्हा तुला तसं उचलून आणताना बघायचं नाहीये मला."

"मग बघू नकोस."

काठी सुटली तशी ती मस्कतच्या दार्सैत भागातल्या आपल्या बिल्डिंगमागचा चढ चढू लागली. पहिल्या दिवशी विजेच्या खांबापर्यंतच. महिन्याभरानं वरच्या टाकीपर्यंत. शेजारच्या सुगंधावहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "कशाला जिवाला त्रास? देवानं वाचवलंय, आता स्वस्थ घरात बसा."

"घरात बसायला वाचवलं, असं देव तुम्हाला बोलला का वहिनी?"

वहिनी पुढे आठवडाभर बोलल्या नाहीत.

जानेवारीत तिनं जाफरला फोन केला. "खलास, रोझलिन, आता पुरे," तो म्हणाला. "तुझं ओरडणं अजून माझ्या कानात आहे."

"माझ्याही आहे. सामान कधी देतोस?"

शेवटी त्यानं अट घातली: पाठीवर सॅक घेऊन सहा तासांची दगडधोंड्यांची वाट आधी चालून दाखव. तिला आठ तास लागले. पाय सुजून बुटातून निघेना. जाफरनं बूट ओढून काढून दिला आणि गाडीतून तिचा हार्नेस आणला.

मार्चमध्ये ती त्याच दरीत उतरली. त्या डोहावर जाफरनं दोराला दगड बांधून पाणी मोजलं. या वर्षी डोह भरलेला होता. गटातल्या ऑलविननं उडी टाकली आणि खालून ओरडला, "रोझलिन आंटी, पाणी भरपूर आहे! मारा उडी, भीती कायमची जाईल!"

"पाणी पुरेल रे. माझी टाच पुरायची नाही," ती म्हणाली. "आणि भीती मला हवीय."

जाफरनं वळसा घालून जाणारी वाट दाखवली. रोझलिननं तिच्याकडे पाहिलंही नाही. दोर हार्नेसमध्ये अडकवला आणि पाठमोरी होऊन कड्यावरून खाली झुकली.

निम्म्यावर डावा पाय शेवाळावरून सटकला. खडकावर गुडघा आपटला. टाचेतून कळ थेट कमरेपर्यंत गेली. तिला पुढचं पाऊल टाकता येईना.

"वर ओढू का?" जाफर ओरडला.

"हात लावू नकोस दोराला!"

तिनं कपाळ खडकाला टेकवलं आणि रडून घेतलं. मग उजव्या पायानं चाचपून खोबण शोधली. डावा पाय हळूच तिच्यात ठेवला. तो टिकला. पुढचे दहा मीटर उतरायला तिला पंचवीस मिनिटं लागली. खाली सगळे गारठत थांबले होते. तिनं कुणाची माफी मागितली नाही.

पायथ्याच्या गावात खजुरांच्या सावलीत कॉस्मासची गाडी उभी होती. तो न सांगताच आला होता आणि दुपारपासून तिथं बसून होता. लंगडत येणाऱ्या रोझलिनसाठी त्यानं गाडीचं दार उघडलं.

"दुखतंय?"

"खूप."

"पुन्हा जाशील?"

"पुढच्या महिन्यात."

ती बसल्यावर त्यानं दार आपटून लावलं, स्टिअरिंगमागे जाऊन बसला आणि म्हणाला, "मग निदान पाणी मोजणारा मी असेन."

"आधी पोहायला शीक," रोझलिन म्हणाली आणि ओले मोजे सोलू लागली.