कप्तानाने उभी केलेली विळी

मी एक जुनी विळी आहे. इंग्लंडमधल्या रीडिंग गावाजवळच्या एका लहान संग्रहालयात, काचेच्या पेटीत राहते. मित्रांनो, मी मनात डूख धरून आहे, हे आधीच सांगते.

माझा जन्म दाभोळचा. लोहाराने पाते दिले, सुताराने फणसाचा पाट दिला. माझी मालकीण पाटावर बसून भाजी चिरे, नारळ खवे. काम झाले की मला आडवी ठेवी, कारण घरात रांगते मूल होते.

एका उन्हाळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, चिरून झाल्यावर मी अंगणात पडले होते. बंदरात मिरी भरायला आलेल्या इंग्रज कप्तानाने मला न विचारता उचलले. पात्यावरचा लाल रस त्याला माणसाचे रक्त वाटला. लंडनला जाऊन त्याने पुस्तक छापले, की हे नरबळीचे शस्त्र आहे. इतरांनी तेच उतरवून घेतले. ज्या बाईने कधी कोंबडीसुद्धा कापली नाही, ती साऱ्या युरोपात खुनी ठरली. तिच्या वतीने सूड घ्यायचा, हे मी तेव्हाच ठरवले.

इथे मला तलवारीसारखी उभी केली. मग मीही पुसायला येईल त्याचे बोट कापले. त्यावर त्यांनी पाटीवर 'शापित' हा शब्द वाढवला.

गेल्या वर्षी लेस्टरच्या डॉक्टर मंजिरीताई आपल्या नातीला, अन्वीला घेऊन आल्या.

"आजी, हा वेपन किती स्केअरी आहे," अन्वी म्हणाली.

"वेपन कसलं? विळी आहे ती. आणि अशी उभी ठेवतात का कधी? कुणाच्या पायाला लागली म्हणजे?"

संग्रहालयाच्या बाई ऐकेनात. कप्तानाचे पुस्तक त्यांना पाठ होते. पुढच्या शनिवारी मंजिरीताई घरची विळी घेऊन आल्या, माझ्यासमोर फरशीवर बसल्या आणि अख्खा नारळ खवला. इतक्या वर्षांनी मला माझ्या जातीचे कुणीतरी भेटले. बाईंनी साखर घालून खोबरे खाल्ले आणि जुनी पाटी उतरवली.

आता मी आडवी आहे. नवी पाटी सांगते: 'विळी. दाभोळच्या एका गृहिणीची. एका कप्तानाने न विचारता नेली आणि तो तिला शस्त्र समजून बसला.' त्याचे चित्र समोरच्याच भिंतीवर आहे. ते तिथून हलवू नका, असे मंजिरीताईंनी बजावले आहे. रोज ती पाटी वाचणे त्याला भाग आहे, आणि मला फार बरे वाटते.

मित्रांनो, कुणाची वस्तू उचलण्याआधी तिच्या घरच्यांना विचारा. काम झाले की विळी आडवी ठेवा. फक्त कप्तानाचे ते चित्र कधी भिंतीवरून सुटून माझ्या अंगावर पडणार असेल, तर तेवढ्यापुरती मला उभी करा.